४४ व्या वर्षी बाहेर जाऊन इंग्लिश शिकवायचं म्हणतेय – सेलटा करू, टेफल करू की सरळ बीएड?

खानापूरकरीण

नमस्कार सगळ्यांना. जरा लांब लिहायलेय, कंटाळू नका.

मी मूळ खानापूरची, आता बेळगावात अनगोळला राहते. वय ४४. बीए इंग्लिश, धारवाड युनिव्हर्सिटीचं, कारण तेव्हा बेळगावची सगळी कॉलेजं धारवाडलाच जोडलेली होती. त्यानंतर एका क्रेडिट सोसायटीत लागले ते आजपर्यंत तिथंच. संध्याकाळी घरी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते, त्यात उद्यमबागेत काम करणारी पोरं असतात, नर्सिंगच्या मुली असतात, गल्फला जायची तयारी करणारे दोन-चार आयटीआयवाले असतात, आणि सोसायटीत जेवढं डोकं उठतं तेवढंच क्लासमध्ये हलकं होतं म्हणा की. मुलगी हुबळीला इंजिनिअरिंगला आहे. मिस्टर म्हणतात जा, दोन-तीन वर्षं कर आणि ये, इथलं मी बघतो. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, ते वेगळं प्रकरण आहे.

आता प्रश्न. गुगल करायला लागलं की सेलटा, ट्रिनिटी, टेफल, टेसोल, डेल्टा एवढी नावं येतात की काय कशासाठी तेच कळेना. त्यात एका इन्स्टिट्यूटवाल्यांचा रोज फोन. १२० तासांचा ऑनलाइन टेफल, फी १२ हजार, आज भरले तर ९ हजार आणि वर प्लेसमेंट गॅरंटी. सेलटाची फी बघितली तर दीड-दोन लाख. बीएड करायचं तर दोन वर्षं जाणार.

देशाचं म्हणाल तर कुठलाही चालेल, व्हिएतनाम, थायलंड, गल्फ, जपान. माझं दहावीपर्यंत शिक्षण मराठी मिडियममधून, हे आधीच सांगते, नंतर कोणी विचारायला नको. ह्या वयात कोण घेईल का आणि घेतलं तर कुठलं सर्टिफिकेट बघून घेईल, एवढं कोणी अनुभवी असेल त्यांनी सांगा.

उद्यमबागवाला

ताई रागावू नका पण पर्मनंट नोकरी सोडून ४४ ला बाहेर? गोरे लोक पडलेत की तिथं इंग्लिश शिकवायला, आपल्याला कोण विचारतंय. त्या पैशात इथंच क्लास मोठा करा. टिळकवाडीत एक गाळा घ्या, बोर्ड लावा, बघा कशी लाइन लागते.

निपाणीकर_मस्कत

उद्यमबागवाले दादा, गोऱ्यांचं तुम्ही म्हणताय ते काही देशांत खरं आहे आणि काही देशांत अजिबात नाही, म्हणून तर आधी देश ठरवायचा आणि मग सर्टिफिकेट. रान न बघता बियाणं घेऊन काय करणार?

ताई, तुमच्या यादीतून आधी नावं खोडूया. दक्षिण कोरियाचा इंग्लिश टीचरचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या पासपोर्टवर चालतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि साऊथ आफ्रिका. त्यात आपण नाही. तिथं तुमच्याकडं सेलटा असला काय नि डेल्टा असला काय. चीनमध्येही साधारण तोच हिशेब, शिवाय २०२१ मध्ये त्यांच्या सरकारनं खासगी ट्यूशनवर असा वरवंटा फिरवला की तिथल्या ट्रेनिंग सेंटरचा अर्धा धंदाच बसला. जपानला शाळेत शिकवायचा जो इन्स्ट्रक्टर व्हिसा आहे त्याला भाषा शिकवायची तर त्या भाषेतून १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं. तुमचं दहावीपर्यंत मराठी, म्हणजे पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बीए धरून पाचच वर्षं होतात. मग ते पण गेलं. ह्यात तुमच्या इंग्लिशचा काही संबंध नाही बघा, व्हिसाच्या कागदाचा आहे.

राहिलं गल्फ आणि साऊथ ईस्ट एशिया.

गल्फचं मी सांगतो कारण मी इथं इंडियन स्कूलमध्ये आहे. इथं सीबीएसई शाळांत इंग्लिशला डिग्री आणि बीएड मागतात. टेफल सर्टिफिकेट दाखवलंत तर एचआरवाला हसत नाही, पण फाइलमध्ये लावून गप्प बसतो. दुसरा रस्ता कॉलेजचा. ओमानमध्ये पोरं डिग्रीच्या आधी एक फाउंडेशनचं वर्ष इंग्लिशच शिकतात आणि तिथं शिकवायला आपली माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांना एमए, वर सेलटा आणि काही वर्षांचा कॉलेजचा अनुभव असं सगळं लागतं. तुमच्या बीएवर ते दार उघडणार नाही. खासगी लँग्वेज इन्स्टिट्यूट मात्र सेलटा बघतात, पगार शाळेपेक्षा कमी-जास्त, सुट्ट्या कमी, शिफ्ट संध्याकाळची.

त्या फोनवाल्याचा नंबर ब्लॉक करा पहिला. प्लेसमेंट गॅरंटी म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिराती टाकणं. आणि बाहेर नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड एजंट आहे का बघा, रजिस्टर्ड एजंटला सर्व्हिस चार्ज ३० हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, कायदाच आहे. व्हिजिट व्हिसावर या, इथं आल्यावर कन्व्हर्ट करू असं म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. थायलंडची नोकरी म्हणून नेऊन म्यानमारच्या सायबर फ्रॉडच्या कंपाउंडमध्ये कोंडलेली आपल्या देशाची पोरं सरकारला सोडवून आणायला लागली, पेपरात वाचलं असेलच.

टिळकवाडी_टू_हनोई

निपाणीकर दादांनी अर्धं काम केलं, आता माझ्या बाजूचं सांगते. मी सेलटा करून व्हिएतनामला आले, वय तुमच्यापेक्षा थोडंच कमी, त्यामुळं वयाची काळजी सोडा. लँग्वेज सेंटरमध्ये मोठ्यांचे वर्ग असतात, ऑफिसमधली माणसं येतात, त्यांना कॉलेजातून कालच बाहेर पडलेल्या पोरापेक्षा आपल्यासारखी बाई बरी वाटते. लहान मुलांच्या वर्गात मात्र उड्या माराव्या लागतात, गुडघे शाबूत आहेत ना बघून घ्या 😄

आता नावांचा गोंधळ. टेफल आणि टेसोल ही कुठल्या एका कोर्सची नावं नाहीतच, कोणीही उठून काढावीत अशी आहेत, त्यामुळं ९ हजारवालं पण टेफल आणि लाखवालं पण टेफल. सेलटा हा एकच कोर्स आहे, केंब्रिजचा. ट्रिनिटीचा सर्ट टेसोल त्याच तोडीचा, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा. दोन्ही ब्रिटनच्या पद्धतीत लेव्हल ५. डेल्टा त्याच्या पुढचा, लेव्हल ७, चार-दोन वर्षं शिकवून झाल्यावर करायचा, तो आत्ता डोक्यातून काढा.

ह्या दोन्हींत आणि त्या १२ हजारवाल्यात फरक एकच आहे आणि तो म्हणजे खरे विद्यार्थी. सेलटाला कमीत कमी १२० तास, त्यातले ६ तास तुम्ही प्रत्यक्ष शिकवायचं, साधारण पाऊण तासाचे आठेक लेसन होतात, आणि मागं ट्यूटर बसून लिहीत असतो. समोर खरी माणसं, फुकट इंग्लिश शिकायला आलेली, दोन वेगवेगळ्या लेव्हलची. लेसन झाला की ट्यूटर आणि बरोबरचे ट्रेनी सगळ्यांसमोर सांगतात कुठं चुकलं. शिवाय अनुभवी टीचरचे वर्ग ६ तास बघायचे आणि चार असाइनमेंट, प्रत्येकी ७५० ते १००० शब्द. फुलटाइम केला तर चार-पाच आठवडे, त्यात झोप सोडा, जेवायचं पण लक्षात राहत नाही. पार्टटाइम काही महिने चालतो. २०२० पर्यंत शिकवायचा भाग वर्गात जाऊनच करावा लागायचा, कोविडनंतर सगळंच ऑनलाइन करता येतं आणि सर्टिफिकेटवर ऑनलाइन असं लिहून येत नाही.

आता खरं दुखणं सांगते. आपल्याकडं शिकवायचं म्हणजे फळ्यासमोर उभं राहून समजावायचं. प्रेझेंट परफेक्ट म्हणजे काय, सूत्र काय, पाच उदाहरणं, उतरवून घ्या. सेलटात हे केलंत की लेसन गेला. तिथं म्हणतात तू कमी बोल, त्यांना बोलू दे. समजलं का असं विचारायचंच नाही, कारण सगळे हो म्हणतात. त्याऐवजी 'ही हॅज लॉस्ट हिज की' असं वाक्य देऊन विचारायचं, किल्ली आत्ता त्याच्याकडं आहे का? कधी हरवली ते आपल्याला माहीत आहे का? उत्तरावरून कळतं डोक्यात शिरलं की नाही. आमच्या बॅचमध्ये एक सर होते, कॉलेजात कितीतरी वर्षं शिकवलेले, त्यांना हे सगळ्यात जड गेलं. ज्यांनी कधीच शिकवलं नव्हतं ती पोरं पटापट पुढं गेली. तुम्ही क्लास घेता ते चांगलंच आहे पण काय सवयी लागल्यात त्या आधीच तपासून ठेवा.

ॲक्सेंटचं कोणी विचारलं नाही तरी सांगते, ॲक्सेंट बदलायचा नाही. फक्त व्ही आणि डब्ल्यू आपण एकच काढतो, आणि शब्दात जोर कुठं द्यायचा तिकडं आपलं लक्ष नसतं, ह्या दोन गोष्टींवर काम केलंत की पुष्कळ झालं.

ट्रिनिटीत एक मजा आहे, अजिबात न येणारी भाषा चार तास शिकायला लावतात, शिकणाऱ्याचे हाल कळावेत म्हणून. आपल्या बेळगाववाल्यांना त्यात कन्नड दिली तर फसवणूकच की ओ 😄

उद्यमबागवाला

बरं मॅडम, मग पगार गोऱ्यांएवढा मिळतो काय?

टिळकवाडी_टू_हनोई

नाही. सरळ सांगते. बऱ्याच जाहिरातींत नेटिव्ह, म्हणजे इंग्लिश मातृभाषा असलेला हवा, असं उघड लिहिलेलं असतं, आणि जिथं घेतात तिथं पण सुरुवातीला तासाचा रेट कमी सांगतात. हे अन्यायाचंच आहे. पण सेलटा असला तर बोलणी करायला काहीतरी हातात असतं, डेमो लेसन द्यायची संधी मिळते, आणि डेमो चांगला झाला की पासपोर्ट थोडा मागं पडतो. नुसत्या ऑनलाइन टेफलवर माझ्या माहितीतल्या आपल्या लोकांना डेमोलाच बोलवत नाहीत.

व्हिएतनामच्या वर्क परमिटला डिग्री, शिकवण्याचं सर्टिफिकेट आणि पोलीस क्लिअरन्स ही कागदं लागतात, सगळी अटेस्ट करून. थायलंडला शाळेत शिकवायचं तर खुरुसपा म्हणून त्यांची टीचर कौन्सिल आहे, तिचं लायसन्स किंवा तात्पुरती परवानगी लागते, आणि नेटिव्ह नसलेल्यांना शाळा बहुतेक टोइक ह्या इंग्लिशच्या परीक्षेचा स्कोर मागतात, ६०० च्या वर. तिथं बीएड असेल तर लायसन्सचं पुष्कळ सोपं जातं.

अथणीचे मास्तर

मी निवृत्त हायस्कूल शिक्षक. इंग्रजीच शिकवलं. वरच्या दोघांनी चांगली माहिती दिली पण मला दीड-दोन लाख एकदम घालणं पटत नाही, म्हणून लिहितो.

खानापूरकर ताई, तुम्ही कधी कुणाच्या नजरेखाली वर्ग घेतला आहे का? घरच्या क्लासमध्ये आपल्याला कोणी बघत नाही, पैसे देणारा विद्यार्थी चूक सांगत नाही, तो फक्त यायचा बंद होतो. तेव्हा आधी स्वस्तात अंदाज घ्या. केंब्रिजचीच टीकेटी म्हणून परीक्षा आहे, तीन मुख्य मॉड्युल, प्रत्येकात ८० प्रश्न नि ८० मिनिटं, पर्याय निवडायचे. पास-नापास नाही, १ ते ४ बँड देतात. त्यात शिकवून दाखवायचं नसतं म्हणून परदेशात त्याला सेलटाची किंमत नाही हे मान्य, पण सेलटाला जी परिभाषा लागते ती सगळी त्यातून तोंडपाठ होते आणि इंटरव्ह्यूला उपयोग होतो. सेलटाला इंटरव्ह्यू असतो आणि त्याआधी घरी सोडवायला ग्रामरचा पेपर देतात, फी भरली की प्रवेश असं नसतं.

आपल्या देशातलीही सोय लोक विसरतात. हैदराबादच्या इफ्लूची, म्हणजे तिथल्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाची, इंग्रजी अध्यापनाची पदविका आहे, घरबसल्या करण्यासारखी. बेंगळुरूला ज्ञानभारतीत रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश आहे, आम्हा शिक्षकांना सरकार तिथं महिनाभराच्या ट्रेनिंगला पाठवायचं. पहिल्या दिवशी आम्ही सगळे हसत होतो की म्हातारपणी काय शिकवणार हे, आणि आठवड्यात प्रत्येकजण रात्री जागून चार्ट रंगवत होता. बाहेरच्या लँग्वेज सेंटरला ही नावं कळणार नाहीत, पण आपल्या लोकांच्या शाळांना कळतात.

बीएडबद्दल एक. २०१५ पासून ते दोन वर्षांचं आहे आणि इग्नूचं बीएड सगळ्यांना मिळत नाही, आधी शिक्षक-प्रशिक्षण झालेल्यांनाच मिळतं. म्हणजे तुम्हाला रेग्युलर कॉलेजच करावं लागेल, नोकरी सांभाळून ते होणार नाही. नुसतं फी भरून सर्टिफिकेट देणारी कॉलेजं गावोगाव आहेत, त्यांच्या नादी लागू नका, बाहेर अटेस्टेशनच्या वेळी सगळं उघडं पडतं.

आणि उद्यमबागवाले, गाळ्याचं भाडं भरून क्लास चालवणं म्हणजे परदेशाइतकीच रिस्क आहे हो.

निपाणीकर_मस्कत

मास्तरांचं बरोबर आहे, पण ताईंचं वय बघता टीकेटी, मग पदविका, मग सेलटा असं करत बसलं तर पन्नाशी इथंच येईल. गल्फमध्ये आणि चीनमध्ये साठीच्या आसपास वर्क परमिटला अडचण सुरू होते, म्हणजे हातात पंधरा वर्षं आहेत, त्यातली चार कोर्सात घालवू नका.

ब्रिटनचं पण कोणीतरी सांगेल म्हणून आधीच लिहितो. २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना इंग्लंडची क्यूटीएस, म्हणजे तिथली शिक्षकाची पात्रता, मिळायची वाट उघडली आहे, पण ती गणित, सायन्स आणि परकी भाषा शिकवणाऱ्यांना. इंग्लिशला नाही. यूट्यूबवाले हे शेवटचं वाक्य खाऊन टाकतात.

खानापूरकरीण

बाप रे, एवढं सगळं एका रात्रीत! सगळ्यांचे आभार. निपाणीकर दादा, जपान खोडलं ते बरं झालं, उगीच हिरागाना गिरवायला घेतलं होतं. फोनवाल्याला ब्लॉक केलं. त्यानं दुसऱ्या नंबरवरून फोन करून ७ हजार सांगितले.

मास्तर सर, तुमचं वाक्य वाचून गप्पच झाले, खरंच मला कोणी बघितलेलं नाही. हनोईच्या मॅडमनी ते किल्लीचं सांगितलं ते काल संध्याकाळी क्लासमध्ये करून बघितलं. नर्सिंगच्या मुलींनी बरोबर उत्तरं दिली आणि ज्यांना मी हुशार समजत होते त्या आयटीआयच्या पोरांनी किल्ली सापडली म्हणून सांगितलं.

मी व्हिएतनामच धरायला लागलेय मनात. बीएड नको, दोन वर्षं नोकरी सोडून बसायला परवडणार नाही, मुलीची फी आहे. पार्टटाइम ऑनलाइन सेलटा केला तर सोसायटीतली नोकरी सांभाळून जमेल का, की शनिवार-रविवार सोडून पण लागतो? आणि माझं बीएचं सर्टिफिकेट म्हणजे मार्कशीट आणि प्रोव्हिजनल एवढंच आहे, कॉन्व्होकेशनचं कधी आणलंच नाही. चालेल का?

टिळकवाडी_टू_हनोई

जमेल, पण सेंटरप्रमाणे वेळ वेगळी असते, काहींचे आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी आणि काहींचे ब्रिटनच्या वेळेनं, म्हणजे आपल्याला रात्री दहानंतर. अर्ज करायच्या आधी टाइमटेबल मागून घ्या. नेट चांगलं पाहिजे, आपल्याकडं पावसाळ्यात लाइट जाते तेवढं बघून इन्व्हर्टरची सोय करा, शिकवताना बंद पडलं तर तो लेसन परत घ्यावा लागतो. आणि सोसायटीचा मार्च एंडिंग सोडून बॅच घ्या.

प्रोव्हिजनल चालणार नाही. ओरिजनल डिग्री सर्टिफिकेटच लागतं, अटेस्टेशन त्याच्यावरच होतं.

निपाणीकर_मस्कत

डिग्रीचं आधी करा, कोर्सच्या आधी. २०१० ला राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी झाली तरी तुमची जुनी डिग्री धारवाडचीच राहते, त्यामुळं कॉन्व्होकेशन सर्टिफिकेटचा अर्ज तिकडंच. मार्कशीटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय का बघा, लग्नाआधीचं-नंतरचं नाव हा आपल्या बायकांच्या फाइलीतला सगळ्यात मोठा घोळ आहे, मॅरेज सर्टिफिकेट काढलं नसेल तर ते पण काढा. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसकडूनच मिळतं, पण ते लवकर काढू नका, जुनं झालं की परत मागतात. कुठल्या देशाला अपोस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, चालतं आणि कुठं एम्बसीचा शिक्का लागतो तेही बघून घ्या, ओमानला अपोस्टिल चालतं, दुबईला चालत नाही.

अथणीचे मास्तर

ताई, तुमचा एक तासाचा वर्ग मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. फुकट बघतो. पण मी टीका करताना साखर लावत नाही, आमच्या पोरांना विचारा.

खानापूरकरीण

पाठवते सर, आधी मीच बघते धाडस करून. धारवाडला पुढच्या आठवड्यात रजा टाकून जायलेय.

उद्यमबागवाला

ताई, धारवाडला जायलाच हाय तर माझं पण बीकॉमचं कॉन्व्होकेशन आणायचं राहिलंय २००४ पासून. ऑथोरिटी लेटर दिलं तर देतात काय ओ ते लोक? मेसेज केलाय बघा.